पेव आणि होडी

हळदीचे पेव आणि तळ्यात सोडायची शिडाची होडी यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे सांगलीच्या मार्केट यार्डात कोणी म्हणाले, तर ऐकणारा त्याला चहा पाजून घरी पाठवील. अण्णांनाही हा संबंध वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हता. चाळीस वर्षे हळदीची अडत केलेला हा गृहस्थ लंडनमधल्या एका तळ्याच्या काठी गुडघे टेकून मीटरभर लांबीच्या होडीच्या पोटात बोट घालतो आणि ते बोट वर काढून आधी डोळ्यांपुढे व मग नाकाशी धरतो, हे दृश्य यार्डातल्या एकाही हमालाला खरे वाटले नसते. मात्र बोट नाकाशी नेण्याची ती सवय त्यांनी लगेच ओळखली असती. माल ओला आहे की नाही, हे अण्णा आयुष्यभर वासावरूनच सांगत आले.

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली जमीन पेवांसाठी प्रसिद्ध. जमिनीत पंधरावीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा खणायचा, आतून पाचट आणि चटया लावायच्या, वाळवलेली हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही. ऊन लागत नाही, म्हणून रंग उडत नाही. भरलेले पेव वर्षानुवर्षे तसेच राहिले, तरी माल जसाच्या तसा निघे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. तो विझला, तर आतली हवा माणसाची नव्हे असे समजायचे आणि थांबायचे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती हमालांच्या आणि अडत्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

२००५ सालच्या जुलैअखेरीस कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या वर गेले. हरिपूरची पेवे पाण्याखाली गेली. नदी उतरल्यावर अण्णांनी आपली चार पेवे उघडली, तेव्हा वरचे लिंपण कुठेही तडकलेले नव्हते. पाणी तोंडातून शिरलेच नव्हते. ते बाजूच्या आणि तळाच्या मातीतून झिरपून आले होते. आतला माल कुजून काळा पडला होता. त्यातला बहुतेक माल अण्णांचा स्वतःचा नव्हता. भाव चढेपर्यंत थांबावे म्हणून शेतकऱ्यांनी तो त्यांच्याकडे ठेवला होता. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते की पूर, आग आणि चोरी यांची जोखीम माल ठेवणाऱ्याची राहील. अण्णांनी त्या ओळीवर बोट ठेवले नाही. दोन वर्षांच्या अवधीत त्यांनी प्रत्येक शेतकऱ्याला मालाच्या निम्मी किंमत चुकती केली आणि त्यासाठी यार्डाजवळचे एक गोदाम विकले.

त्याच वर्षी त्यांच्या मुलाला इंग्लंडमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्या वाटपात गेली. मुलगा दोन वर्षे उशिरा, बँकेचे शैक्षणिक कर्ज काढून गेला. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून अण्णांची सही आहे. त्या सहीखेरीज बापलेकांत या विषयावर काही बोलणे झाल्याचे घरात कोणालाही आठवत नाही. मुलाचे म्हणणे साधे होते. कायद्याने देणे लागत नसताना दिले आणि ज्याचे देणे होते त्याला थांबवले. त्याने ते एकदाच बोलून दाखवले आणि पुढे पंधरासोळा वर्षे दर रविवारी फोनवर फक्त प्रकृती विचारली.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अण्णा सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे हॅरोला गेले. घरात मुलगा, सूनबाई आणि बारा वर्षांचा नातू. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक इंग्रज गृहस्थ राहत. ते टेलिफोन खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांच्याकडे त्यांनी स्वतः बांधलेली एक रेडिओवर चालणारी शिडाची होडी होती. डोळ्यांत दोष आल्यापासून त्यांना पाण्यावरची होडी नीट दिसेना, म्हणून ती त्यांनी नातवाला ‘वापरायला’ दिली होती. दिली म्हणजे बक्षीस नव्हे. सांभाळायला दिली. अण्णांनी पहिल्या दिवशीच हा फरक नातवाकडून नीट विचारून घेतला.

ही होडी म्हणजे खेळणे असेल असे त्यांना वाटले होते. ते तितकेसे खरे निघाले नाही. इंटरनॅशनल वन मीटर या नावाचा हा वर्ग १९८८ पासून जगभर चालत आला आहे. लांबी जास्तीत जास्त एक मीटर, वजन कमीत कमी चार किलो, आणि त्यातले निम्म्याहून अधिक वजन बुडाखाली लटकणाऱ्या पात्यात आणि त्याच्या टोकाच्या शिशाच्या गोळ्यात. इंजिन नाही, पंखा नाही. ढकलायला फक्त वारा. काठावरचा माणूस हातातल्या यंत्रावरून दोनच हुकूम देऊ शकतो, सुकाणू वळव आणि शिडाची दोरी ओढ किंवा सोड. ते हुकूम पाळण्यासाठी होडीच्या पोटात चार वस्तू असतात. संदेश घेणारा रिसीव्हर, सुकाणू फिरवणारी सर्व्हो मोटर, दोरी गुंडाळणारी विंच आणि या सगळ्यांना पोसणारी बॅटरी. चारही वस्तूंना पाण्याचे वावडे, आणि होडी मात्र पाण्याशी सलगी करणारी. वारा जरा जोराचा आला की तिची एक कड पाण्याखाली जाते. आणखी वाढला तर पुढचे टोकच बुडी मारते आणि डेकवरून पाणी वाहून जाते. रेडिओच्या होडीला हे अपघातासारखे नसते, रोजचेच असते.

दर रविवारी नातू ती होडी घेऊन केन्सिंग्टन गार्डन्समधल्या राउंड पाँडवर जाई आणि अण्णा सोबत जात. क्वीन्सवे स्टेशनावर उतरले की तळे चालत थोड्याच अंतरावर. हे तळे १७३० साली दुसऱ्या जॉर्ज राजाच्या काळात तयार झाले. पश्चिमेला केन्सिंग्टनचा राजवाडा, पाण्यात हंस आणि बदके, काठाने खुर्च्या. पीटर पॅनचा जनक जे. एम. बॅरी जवळच राहत असे, आणि १९०२ च्या त्याच्या पुस्तकात याच तळ्यावरच्या मुलांच्या होड्या आहेत. रेडिओ येण्यापूर्वी लोक वाऱ्याचा अंदाज घेऊन शिडे बांधीत, होडी सोडून देत आणि ती पलीकडे पोहोचण्याच्या आत काठाने पळत जाऊन लांब काठीने तिला परत वळवीत. ही हकीगत ऐकून अण्णा म्हणाले की त्या काळच्या माणसांचे पाय चांगले राहत असतील. मुलगा या फेऱ्यांना कधी आला नाही. रविवारी त्याला काम असे.

जुलैच्या पहिल्या रविवारी वारा बराच होता. तासाभराने होडीने पुढचे टोक पाण्यात खुपसले, वर आली आणि मग कोणाचेच ऐकेना. शिडे ताठ ओढलेली, सुकाणू एका बाजूला अडकलेले. ती गोल फिरत राहिली, प्रत्येक फेरीला थोडी अधिक जड, थोडी अधिक खोल. अर्ध्या तासाने वाऱ्याने लोटत काठाला आणली, तेव्हा आत पाणी डुचमळत होते. नातवाने मागचे बूच काढून पाणी ओतले, वरून पुसले आणि दोघे परतले. गाडीत तो काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंना तांदळाच्या डब्यात एक काळी डबी सापडली. तो रिसीव्हर होता. भिजलेले यंत्र तांदळात पुरले की तांदूळ पाणी ओढून घेतो, असे नातवाने कुठेतरी पाहिले होते. अण्णा प्रथम हसले. ज्याने धान्याचा व्यापार पाहिला आहे, त्याला हे ऐकून हसूच येईल. गोदामात टिकणाऱ्या चांगल्या तांदळातही शेकडा तेराचौदा भाग पाणी असतेच. त्याहून कमी असेल तर दाणा तुटतो. स्वतःच्याच पोटात पाणी असलेला तांदूळ दुसऱ्याचे पाणी काय ओढणार? शिवाय त्याची पीठधूळ पिनांच्या फटीत जाऊन बसते. आयुष्यभर ओल मोजलेल्या माणसासाठी हा प्रश्न गंमतीचा होता. मग त्यांनी डबी उघडली आणि त्यांचे हसणे थांबले. आतल्या तांब्याच्या रेषांवर हिरवी बुरशी आल्यासारखे दिसत होते, आणि एका बाजूची पिन तर अर्धी खाल्ली गेली होती.

शेजारच्या गृहस्थांनी पूर्वी एकदा त्यांना एक गोष्ट सांगितली होती. तळ्याचे गोडे पाणी यंत्राला फारसे मारत नाही. ओले झालेले यंत्र लगेच बंद केले, स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवले, तर बहुधा जगते. मारते ती वीज. ओल्या पिनांमधून बॅटरीचा प्रवाह वाहत राहिला की धन बाजूचे तांबे विरघळू लागते, आणि एकदोन दिवसांत जे गेले ते परत येत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हे काम तासाभरातच आटोपते. म्हणून होडी बुडाली तर पहिले काम बॅटरी काढण्याचे, बाकी सगळे मागाहून. या होडीत बटणही नव्हते. बटण हीच पाणी शिरण्याची आणखी एक जागा, म्हणून बॅटरीचा प्लग जोडला की चालू आणि काढला की बंद, अशी सोय होती.

“प्लग कधी काढलास?” अण्णांनी विचारले.

नातू बराच वेळ तांदळाच्या डब्याकडे पाहत राहिला. “काल रात्री.”

“म्हणजे दोन दिवस जोडलेलाच होता?”

“गॅरेजमध्ये ठेवली आणि उघडलीच नाही. पप्पा रागावतील म्हणून. मला वाटलं, उघडली नाही तर कदाचित आत काही झालेलं नसेल.”

अण्णांनी डबी टेबलावर ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराशी मुलगा कामावर निघण्यापूर्वीचा चहा घेत उभा होता. तो तिथे आहे हे अण्णांच्या ध्यानात होते की नव्हते, हे सांगता येत नाही.

“माझंही असंच झालं होतं,” ते नातवाला म्हणाले. “पुराच्या आदल्या संध्याकाळी यार्डात निरोप आला होता. कोयनेतून पाणी सोडलंय, नदी चढणार. हमाल हजर होते. पण पाऊस पडत होता. पेव पावसात उघडलं तर माल भिजतो. नाही उघडलं आणि नदी आली, तरी जातो. मी म्हटलं, सकाळी पाऊस उघडला की काढू. हमालांना घरी पाठवलं. दुसऱ्या रात्री हरिपूरचा रस्ता पाण्याखाली होता. चार पेवं निघाली नसती, दोन तरी निघाली असती.”

“मग तुम्ही शेतकऱ्यांना सांगितलं?”

“नाही. कोणालाच नाही. तुझ्या आजीलासुद्धा नाही. पैसे दिले फक्त.”

मुलाने कप सिंकमध्ये ठेवला आणि तो बाहेर पडला. दार हळूच लागले. त्या दिवशी त्याला ऑफिसला उशीर झाला असावा, कारण त्याची गाडी बऱ्याच वेळाने सुरू झाल्याचे सूनबाईंनी ऐकले.

दुपारी आजोबा आणि नातू शेजारी गेले. काय झाले ते नातवाने आपल्या तोंडाने सांगितले. वृद्ध गृहस्थ म्हणाले की यंत्रे जातातच, त्यांच्याही हातून अशी चार गेली आहेत. अण्णांनी नव्या रिसीव्हरची किंमत देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. होडीच नातवाने ठेवून घ्यावी, असे ते म्हणाले; ते अण्णांनी मानले नाही. दोन व्यापारी भाव ठरवताना जसे रुमालाखाली हात धरतात, तसा तो संवाद बराच वेळ चालला, फक्त इथे दोघेही आपलाच भाव पाडत होते. शेवटी ठरले ते असे : नवा रिसीव्हर अण्णांनी आणायचा, होडी नातवाने दुरुस्त करायची, ती मालकाच्या नावावरच राहायची, आणि पाणी कुठून शिरले हे शोधल्याखेरीज ती तळ्यात उतरवायची नाही.

पुढचे सहा आठवडे हाच उद्योग झाला. नातवाची खात्री होती की पाणी डेकवरच्या झाकणातून शिरले. या होड्यांच्या डेकमधली भोके शिडाच्या कापडाच्या किंवा प्लास्टिकच्या चिकट तुकड्याने बंद करतात. दर वेळी काढायचे आणि नवा तुकडा लावायचा. जुन्या तुकड्याची एक कड सुटलेली दिसत होती, म्हणून त्याने तो तीनदा बदलला. अण्णांना पेवाचे लिंपण आठवत होते. तोंड शाबूत असते आणि माल तरीही बुडतो. त्यांनी मालकाला विचारले, आणि मालकाने एक जुनी युक्ती सांगितली. सगळी भोके बंद करून मागच्या बुचाच्या जागी एक रबरी नळी बसवायची. बाहेरून साऱ्या होडीला साबणाचे पाणी ब्रशने लावायचे. मग नळीतून तोंडाने हळूच हवा भरायची, गाल फुगतील इतकीसुद्धा जोरात नाही. जोर लावला तर चिकटवलेले सांधेच सुटायचे. जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात.

झाकणापाशी एकही बुडबुडा आला नाही. डोलकाठीच्या बुडापाशीही नाही, दोरी डेकमधून जिथे बाहेर येते तिथेही नाही. नातू हिरमुसला. होडी उलटी करून पुन्हा फुंकल्यावर मात्र मागे, सुकाणूचा दांडा ज्या नळीतून वर जातो तिच्या बुडाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुटू लागले. नळी आणि होडीचे कवच यांच्या सांध्याला केसाएवढी चीर गेली होती. कधीतरी सुकाणू काठाच्या दगडावर आपटले असणार. ही जागा कायम पाण्याखाली, म्हणून वारा असो नसो, पाणी सतत येत होते. झोताच्या दिवशी फक्त जास्त आले. चीर आतून बाहेरून पुरती वाळल्याखेरीज तिच्यावर एपॉक्सी धरत नाही, म्हणून होडी चार दिवस उन्हात उघडी ठेवली. इंग्लंडच्या उन्हाबद्दल अण्णांचे मत चांगले नव्हते. या उन्हात हळद वाळवायची म्हटले तर वर्ष लागेल, असे त्यांनी फोनवर सांगलीला सांगितले.

नवा रिसीव्हर कसा ठेवायचा, यावर मात्र मालकाचे आणि अण्णांचे जमले नाही. जुन्या रीतीप्रमाणे रिसीव्हर फुग्यात घालून फुग्याचे तोंड तारांभोवती रबराने आवळतात. अण्णांना ते पटेना. तारांच्या मधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पाणी आत ओढले जातेच. आणि एकदा आत गेले की फुगा ते बाहेर जाऊ देत नाही. दमट दिवशी बांधला तर आतली हवाच ओली. बंद जागेत कोंडलेली ओल ही उघड्या पाण्याहून वाईट, हे त्यांचे चाळीस वर्षांचे मत. मालक म्हणाले, माझा फुगा वीस वर्षे टिकला. अण्णा म्हणाले, टिकला असेल, पण आत काय होते ते तुम्ही पाहिले का? दोघेही हसले आणि निर्णय नातवावर सोपवला.

नातवाने फुगा घेतला नाही. त्याने रिसीव्हरच्या पाटीवर, पिना आणि बटण सोडून, ओल रोखणाऱ्या वार्निशाचा पातळ थर दिला. प्रत्येक प्लगमध्ये सिलिकॉनचे ग्रीस भरले. ग्रीसमुळे धातू धातूला लागतोच, पण भोवती पाण्याला जागा उरत नाही. रिसीव्हर तळाशी न ठेवता वर, डेकच्या खालच्या अंगाला चिकटवला. याला आणखी एक कारण आहे. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शिरल्या की विरून जातात. अँटेनाची तारेची शेवटची तीनएक सेंटिमीटर पाण्याच्या पातळीच्या वर राहिलीच पाहिजे, नाहीतर यंत्र कोरडे असूनही होडी बहिरी होते. बॅटरी मात्र खाली, कारण वजन खाली हवे. तारा लावताना अण्णांनी एक सुधारणा सुचवली, आणि ती मालकानेही मान्य केली. सांगलीत खांबावरून घरात येणारी विजेची तार भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोल घेऊन येते. पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, घरात जात नाही. तसाच झोल प्रत्येक तारेला द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत चढत नाही. इतकी वर्षे ज्यांनी टेलिफोनच्या तारा ओढल्या, त्यांच्या होडीत हा झोल नसावा, याचे अण्णांना नवल वाटले. त्यांनी ते बोलून दाखवले नाही.

आणि एक वही घातली. अण्णांचा ओळखीचा हिशेब वजनाचा. ओली हळद आणि वाळलेली हळद यांच्यातला फरक डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर होडी तळ्यावर जाण्यापूर्वी तोलायची आणि आल्यावर बाहेरून पुसून पुन्हा तोलायची. वाढ म्हणजे पोटातले पाणी. डावीकडे ‘जाताना’, उजवीकडे ‘येताना’, शेवटी फरक. ऑगस्टच्या मध्यावर होडी तळ्यात उतरली, त्या दिवशी फरक नऊ ग्रॅम होता. पुढल्या रविवारी सात. ही वाढ बहुधा पुसायचे राहिलेल्या शिडांची आणि दोऱ्यांची होती, कारण आत बोट घातले तर कोरडे लागत होते.

मग ऑक्टोबर आला आणि आत पुन्हा पाणी दिसू लागले. फार नाही, कवचाच्या आतल्या अंगाला बारीक थेंब, आणि रिसीव्हरच्या पाठीवर दव. नातू रडवेला झाला. साबणाचे पाणी लावून पाहिले, एकही बुडबुडा नाही. काट्यावर फरक जवळजवळ शून्य. या शून्याने अण्णांना वाट दाखवली. वजन वाढलेले नाही, म्हणजे पाणी बाहेरून आलेलेच नाही. ते घरातूनच सोबत गेले. हीटर लावलेल्या गरम खोलीत होडीचे झाकण चिकटवले जात होते. ती गरम, दमट हवा आत कोंडून होडी थंड तळ्यात उतरली की कवच गार होई आणि हवेतले पाणी भिंतींवर बसे. पावसाळ्यातल्या दमट सकाळी गोदामाचा दरवाजा उघडणाऱ्या नवख्या दिवाणजीला अण्णांनी याच कारणासाठी कितीदा रागावले होते. बाहेरची ओली हवा आत आली आणि गार पोत्यांना लागली की वरच्या थराला घाम सुटतो. उपाय दोन्हीकडे एकच. होडी काठावर नेऊन झाकण उघडे ठेवायचे, ती तळ्याइतकी गार होऊ द्यायची आणि मगच तुकडा चिकटवायचा. परतल्यावर पहिल्यांदा बॅटरी काढायची, मग सगळी झाकणे काढून रात्रभर तशीच ठेवायची. आत सिलिका जेलची पुडी, आणि तिचे दाणे रंग बदलू लागले की ओव्हनमध्ये भाजून पुन्हा कोरडे करायचे.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तो हातात एक पाकीट घेऊन. ऑफिसात नवी यंत्रे येतात, त्यांच्या खोक्यांमधल्या पुड्या लोक फेकून देतात. त्याने त्या चारपाच दिवस गोळा केल्या होत्या. पाकीट त्याने अण्णांपुढे ठेवले.

“या चालतील का बघा.”

अण्णांनी एक पुडी उचलून कानाशी हलवली. “भाजून घ्याव्या लागतील. खोक्यात येईपर्यंत बरंच पाणी प्यायल्या असतील.”

“अण्णा,” मुलगा म्हणाला, “त्या दिवशी पाऊस किती वाजता सुरू झाला होता?”

“चारला.”

“मी घरी होतो. मला आठवतंय. अंगणात कोणाला उभंही राहता येत नव्हतं.”

एवढेच बोलणे झाले. सूनबाईंनी ओव्हन लावला आणि पुड्या फोडून दाणे एका ताटलीत पसरले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अण्णांच्या परतीच्या चार दिवस आधी, मुलगा तळ्यावर आला. वारा बेताचा होता. त्याला होडीतले काही कळत नव्हते. नातवाने त्याला काठावर उभे करून झाकण उघडे ठेवून थांबायला सांगितले, आणि तो वीस मिनिटे हातात उघडी होडी धरून थांबला. दोन तासांनी ती बाहेर काढल्यावर नातवाने तुकडा सोलून काढला आणि होडी अण्णांपुढे धरली. अण्णांनी ती मुलाकडे वळवली. मुलाने बोट आत घातले, कोपऱ्यापर्यंत नेले, आणि बाहेर काढून नकळत नाकाशी नेले.

वहीतली त्या दिवशीची नोंद त्याच्या अक्षरात आहे. जाताना ४०६२, येताना ४०६६. फरकाचा रकाना भरायचा तो विसरला, आणि नातवाने तो दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने भरला.